जड पाणी आणि लहान टाकी : लोणी भापकर परिसरातील गोड्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी माशांची निवड

बीजशब्द : मत्स्यटाकी, दुष्फेन पाणी, सामू, अमोनिया, भीमा-नीरा खोरे, स्थानिक मासे, विदेशी मासे

प्रस्तावना

बारामती तालुक्यातील लोणी भापकर हे गाव अभ्यासकांना ठाऊक आहे ते तेथील मल्लिकार्जुन मंदिर, मंदिरासमोरील दगडी पुष्करिणी आणि यज्ञवराहाचे शिल्प यांमुळे. पाण्यासाठी इतकी देखणी वास्तू उभारणारे हे गाव तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात मोडते, हा विरोधाभास येथे येणाऱ्या प्रत्येकाच्या ध्यानात येतो. नीरा डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तालुक्याचा दक्षिण भाग हिरवा केला. मोरगाव, सुपे, लोणी भापकर हा भाग मात्र बराच काळ पावसावर, विहिरींवर आणि पुढे बोअरवर अवलंबून राहिला. वार्षिक पर्जन्यमान पाचशे मिलिमीटरच्या आसपास, उन्हाळ्यात टँकरची सवय आणि खाली बेसाल्टचा काळा कातळ, अशी येथील परिस्थिती आहे.

अशा भागातही घराच्या ओसरीत, दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात, शाळेच्या कार्यालयात आणि महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत काचेची मत्स्यटाकी दिसू लागली त्याला आता बरीच वर्षे झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली आणि नंतर २०१४ साली प्राणिविच्छेदनाला आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे दिल्यापासून जिवंत प्राण्यांच्या निरीक्षणाला अभ्यासक्रमात जे महत्त्व आले, त्यामुळेही प्रयोगशाळेतील टाकीला वजन प्राप्त झाले. मात्र या टाक्यांचा इतिहास बहुधा एकसारखा असतो. उत्साहाने मासे आणले जातात, पंधरवड्यात एक-दोन दगावतात, त्यांच्या जागी नवे येतात, आणि एक-दोन उन्हाळ्यांनंतर टाकी रिकामी होऊन गोदामात जाते किंवा तिच्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवले जातात. दोष सहसा माशाला किंवा दुकानदाराला दिला जातो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या अपयशाचे मूळ निवडीच्या क्रमात आहे. आपण आधी मासा निवडतो आणि मग त्याला आपले पाणी सोसायला लावतो. क्रम उलटा हवा. आपल्या नळाला वा बोअरला कोणते पाणी येते, ते किती तापते आणि वीज गेल्यावर काय होते, हे आधी पाहावे. या प्रश्नांच्या उत्तरांतून माशांची यादी आपोआप आखूड होत जाते.

टाकीचे नाममात्र व प्रत्यक्ष माप

येथे लहान टाकी म्हणजे दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी सर्वत्र मिळणारी टाकी गृहीत धरली आहे. ६० × ३० × ३० सेंटिमीटर म्हणजे ५४ लिटर, असा हिशेब दुकानात सांगितला जातो. तळाशी पाच सेंटिमीटर वाळू आणि वर चार सेंटिमीटर रिकामी जागा सोडली की पाण्याची उंची २१ सेंटिमीटर उरते आणि प्रत्यक्ष पाणी भरते ३८ लिटरच्या आसपास. म्हणजे घागरभर वा दोन घागरी पाण्याचा फरक पडतो, आणि माशांच्या संख्येचा विचार या ३८ लिटरच्या आधारे करावयाचा आहे.

माशांच्या संख्येसाठी हौशी मंडळींत एक जुना ठोकताळा प्रचलित आहे. पाण्याच्या पृष्ठभागाच्या दर ७५ चौरस सेंटिमीटरमागे शेपूट सोडून अडीच सेंटिमीटर लांबीचा मासा ठेवावा, असा तो आहे. आपल्या टाकीचा पृष्ठभाग १८०० चौरस सेंटिमीटर. त्यानुसार एकूण ६० सेंटिमीटर लांबीचे मासे बसतात. ठोकताळा पृष्ठभागावर आधारलेला आहे, कारण प्राणवायू पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातूनच. तेवढा भाग योग्य आहे. परंतु लांबीचा हिशेब फसवा ठरतो. माशाचे वजन लांबीच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. दोन सेंटिमीटरचे दहा मासे आणि वीस सेंटिमीटरचा एक मासा यांची लांबी सारखीच, पण एका मोठ्या माशाचे वजन त्या दहांच्या एकत्रित वजनाच्या शंभर पट भरते. प्राणवायूची गरज आणि उत्सर्जन त्या प्रमाणात नसले तरी कित्येक पटींनी वाढतेच. म्हणून हा ठोकताळा पूर्ण वाढ झाल्यावरही पाच-सहा सेंटिमीटरच्या आत राहणाऱ्या माशांनाच लावावा. पुढे ज्या पाण्याचे वर्णन येत आहे ते पाहता, ६० सेंटिमीटरऐवजी ३०-३५ सेंटिमीटरवर थांबणे शहाणपणाचे.

आपले पाणी

पाण्यासंबंधी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात : सामू आणि कठीणता. ज्याला बोलीभाषेत जड पाणी म्हणतात आणि शालेय पुस्तकांत दुष्फेन, ते कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांनी भरलेले असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेण्याजोगी मानली जाते. बेसाल्टच्या भेगांतून, त्यातही सिंचनाच्या क्षेत्राजवळून येणाऱ्या बोअरच्या पाण्याचा आकडा ३०० च्या पलीकडे गेल्यास आश्चर्य वाटू नये. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. हे सारे घरोघरी अनुभवाचे आहे. शेतकरी माती-पाणी परीक्षण करून घेतोच. टाकी ठेवू इच्छिणाऱ्या प्राध्यापकाला तर रसायनशास्त्र विभागात ब्युरेट, एडिटीए आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हाताशी असते. पदवीच्या विद्यार्थ्यांकडून महिन्यातून एकदा हे अनुमापन करून घेतले, तर टाकीचा आणि प्रात्यक्षिकाचा दोन्हीचा हेतू साधतो.

जड पाणी बहुधा अल्कधर्मी असते. सामू ८ च्या आसपास वा त्याहून थोडा वर राहतो. लहान टाकीसाठी या आकड्याचे महत्त्व किती मोठे आहे, याची चर्चा मराठीत फारशी आढळत नाही, म्हणून येथे जरा विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनिया तयार होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो. अमोनियम हे आयनी रूप तुलनेने निरुपद्रवी आहे, तर मुक्त अमोनिया कल्ल्यांना जाळतो. या दोहोंचे प्रमाण सामू आणि तापमान ठरवतात. पाण्याचे तापमान ३० अंश सेल्सिअस असताना सामू ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग मुक्त रूपात असतो. सामू ८ असल्यास हा भाग सुमारे साडेसात टक्के होतो, आणि ८.५ ला सुमारे वीस टक्के. म्हणजे तेवढेच मासे, तेवढेच खाद्य, तेवढीच निष्काळजी; पण आपल्या बोअरच्या पाण्यात विषाचे प्रमाण नऊ-दहा पट किंवा त्याहूनही अधिक. मृदू पाण्याच्या प्रदेशात लिहिलेल्या पुस्तकांतील माशांची संख्या आपल्याकडे जशीच्या तशी घेतली, की मासे का मरतात याचे हे उत्तर आहे.

निसर्ग यावर उपाय करतो तो जीवाणूंच्या मार्फत. एका गटाचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही विषारी आहे. नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणापर्यंत सोसवते आणि वनस्पतींना खत म्हणून उपयोगी पडते. हे जीवाणू वाळूच्या कणांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात. ती वस्ती पुरेशी होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. टाकी मांडली त्याच संध्याकाळी डझनभर मासे सोडणे म्हणजे सांडपाण्याची सोय होण्याआधी वसाहतीत बिऱ्हाडे आणणे होय. स्पंज स्वच्छतेच्या अतिउत्साहाने नळाखाली धुतला तर क्लोरिनने ही वस्ती मरते. तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा.

क्लोरिनविषयी दोन शब्द. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर टाकली जाते आणि ती टाकलीच पाहिजे. माशांना मात्र ती घातक आहे. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवावे किंवा सोडियम थायोसल्फेट वापरावे. क्लोरिनच्या दर मिलिग्रॅममागे सुमारे ७ मिलिग्रॅम थायोसल्फेट पुरते.

जड पाण्यावर तोडगा म्हणून आरओ यंत्राचे पाणी भरण्याची प्रथा अलीकडे दिसते. ती अर्धवट आहे. निव्वळ आरओच्या पाण्यात कार्बोनेट जवळजवळ उरत नाहीत, त्यामुळे सामू धरून ठेवणारी शक्ती जाते आणि काही आठवड्यांत तो एकदम घसरतो. शिवाय ज्या गावाने उन्हाळ्यात टँकर पाहिला आहे तेथे एक लिटर शुद्ध पाण्यासाठी दोन-तीन लिटर पाणी गटारात घालवावे, हे प्रस्तुत लेखकाला पटत नाही. आहे त्या पाण्याला मानवणारा मासा शोधणे अधिक सोपे. आरओचे वा पावसाचे साठवलेले पाणी खरे उपयोगी पडते ते उन्हाळ्यात. बाष्पीभवनाने पाणी उडते, क्षार मागे राहतात. महिनाभरात ३८ लिटरपैकी १९ लिटर उडाले आणि त्याजागी बोअरचेच पाणी ओतत राहिले, तर क्षारांचे प्रमाण दीडपट होते. उडालेल्या पाण्याची भर क्षारविरहित पाण्याने घालावी आणि दर आठवड्याला एक पंचमांश पाणी बदलताना मात्र नेहमीचेच पाणी वापरावे. काढलेले पाणी कुंडीतल्या झाडांना घालावे. त्यातील नायट्रेट वाया जात नाही.

उन्हाळा आणि वीज

चैत्र-वैशाखात येथील हवेचे तापमान ४० अंशांपुढे जाते. पत्र्याच्या छताखालील लहान टाकीचे पाणी ३३-३४ अंशांपर्यंत सहज तापते. तापलेल्या पाण्यात दुहेरी संकट उभे राहते. माशाची चयापचयाची गती वाढून प्राणवायूची गरज वाढते आणि त्याच वेळी पाण्याची प्राणवायू धरून ठेवण्याची क्षमता घटते. समुद्रसपाटीला २० अंशांना एका लिटरमध्ये ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.६ आणि ३५ अंशांना ७ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. आपला परिसर समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंच असल्याने हे आकडे आणखी पाच-सहा टक्क्यांनी कमी धरावे लागतात.

त्यात वीज. या शतकाच्या पहिल्या दशकात ग्रामीण महाराष्ट्राने बारा-बारा तासांचे भारनियमन सोसले. ते दिवस आता राहिले नसले, तरी वळवाच्या वादळात तारा तुटून रात्रभर अंधार होणे आजही नवलाचे नाही. एअर पंप बंद पडला की जीवाणूंनाही प्राणवायू अपुरा पडतो आणि अमोनिया वाढू लागतो. इन्व्हर्टरवर पाच वॉटचा पंप जोडणे हा उपाय आहेच. तो नसेल तर मासे कमी ठेवणे हा त्याहून खात्रीचा उपाय. टाकी पश्चिमेच्या भिंतीला लावू नये. झाकण काढून त्याजागी जाळी ठेवावी आणि काचेभोवती ओले फडके गुंडाळावे. माठाचे तत्त्व टाकीलाही लागू पडते, दोन-तीन अंश तापमान उतरते.

दुकानातील मोह

आता माशांकडे वळू. दुकानात जे मासे लहान टाकीसाठी म्हणून दाखवले जातात, त्यांतील निम्मे तरी लहान टाकीचे नसतात. गोल्डफिश हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. तो कार्प कुळातील, थंड पाण्याचा, भरपूर खाणारा व भरपूर उत्सर्जन करणारा मासा आहे. वीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याला तीस अंशांचे पाणी मानवत नाही. गोल काचेच्या भांड्यात त्याला ठेवण्याची पद्धत तर क्रूरच म्हणावी लागेल, कारण त्या भांड्याचे तोंड अरुंद असल्याने पाण्याचा पृष्ठभागच कमी असतो. ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा रुपेरी मासा प्रत्यक्षात पंगॅसियस जातीचा, खाण्यासाठी पाळला जाणारा मासा आहे. तो मीटरभर वाढू शकतो. ऑस्कर तीस सेंटिमीटरचा होतो. फेंगशुईच्या लाटेत शुभ मानून आणले गेलेले अरोवाना व फ्लॉवरहॉर्न हे प्राध्यापकांच्या पगारालाही आणि टाकीलाही न पेलणारे. शेवाळ खाऊन काच साफ ठेवणारा म्हणून सकर मासा जवळजवळ प्रत्येक ग्राहकाच्या पिशवीत घातला जातो. तो पाच सेंटिमीटरचा असताना गोजिरा दिसतो. पुढे तीस-चाळीस सेंटिमीटरचा होतो.

आकाराने बसणारे पण पाण्याने न बसणारे मासे हा दुसरा वर्ग. निऑन टेट्रा जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा. निळ्या-लाल रेषेमुळे मन वेधून घेतो. त्याचे मूळ घर ॲमेझॉन खोऱ्यातील पानांनी तपकिरी झालेले, अत्यंत मृदू व आम्लधर्मी पाणी. बाजारातील निऑन संवर्धन केंद्रात जन्मलेला असला आणि काहीशा कठीण पाण्याशी जुळवून घेत असला, तरी सामू ८, कठीणता ३०० आणि तापमान ३३ या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की तो टिकत नाही. डिस्कसबाबत तर बोलणेच नको. एंजल मासा काहीसा काटक, पण त्याची उंचीच पंधरा सेंटिमीटर होते. २१ सेंटिमीटर पाण्यात त्याला वळणेही कठीण.

‘रंगीत काचमासा’ मात्र अजिबात घेऊ नये. पॅरॅम्बॅसिस रंगा हा पारदर्शक शरीराचा लहान मासा आपल्याकडील जलाशयांतही आढळतो. त्याच्या पाठीत सुईने रंग टोचून तो विकला जातो. रंग काही महिन्यांत उडतो, जखमेचा संसर्ग राहतो.

विदेशी माशांपैकी कोणते चालतील

दक्षिण व मध्य अमेरिकेतील पिलू देणारे मासे, म्हणजे गप्पी, मॉली, प्लॅटी, हे जड व अल्कधर्मी पाण्यात खऱ्या अर्थाने सुखाने राहतात. पुस्तके ज्या पाण्याला दोष देतात तेच यांना हवे असते. गप्पी तर महाराष्ट्राच्या खेड्यांना परका राहिलेला नाही. हिवताप व डेंग्यूच्या प्रतिबंधासाठी आरोग्य विभाग गप्पीमासे पैदास केंद्रे चालवतो आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातील टाकीतून हे मासे वाटले जातात. दुकानातील लांब शेपटीच्या शोभिवंत गप्पीपेक्षा हा साधा गप्पी कितीतरी चिवट असतो.

गप्पीची अडचण वेगळीच आहे. मादी दर चार आठवड्यांनी वीस ते पन्नास पिले देते. सहा माशांची टाकी एका सत्रात शंभराची होते आणि वर सांगितलेले अमोनियाचे गणित कोसळते. म्हणून लहान टाकीत केवळ नर ठेवावेत. रंगही नरांनाच असतो. मादीने एकदा समागमानंतर शुक्राणू साठवले की ती पुढे नराविना अनेक महिने पिले देत राहते, हे आनुवंशिकी शिकवणाऱ्यांना सांगायला नको. आठ नर गप्पी ही आपल्या टाकीला पुरेशी संख्या.

वीज बेभरवशाची असेल तेथे चक्रव्यूही श्वसनेंद्रिय असलेले मासे उपयोगी. पृष्ठभागावर येऊन ते हवा घेतात, त्यामुळे पंप बंद पडल्याने लगेच गुदमरत नाहीत. गंगा-ब्रह्मपुत्रा खोऱ्यातील बुटका गोरामी व मध गोरामी हे पाच-सहा सेंटिमीटरचे मासे त्यांपैकीच. थायलंडचा बेट्टा एकटाच ठेवावा. दोन नर एकमेकांना फाडतात. त्यालाही किमान पंधरा-वीस लिटर पाणी हवे. काचेच्या पेल्यात तो जगतो म्हणून पेला त्याला पुरतो असे होत नाही. हवेतून श्वास घेता आला, तरी अमोनिया त्याच्याही कल्ल्यांना जाळतोच.

भीमा-नीरा खोऱ्यातील मासे

आपल्याच नद्यांतील माशांचा विचार सहसा कोणी करत नाही. वास्तविक येथील जड पाणी, उन्हाळा आणि पावसाळ्यातील गढूळपणा हजारो पिढ्या सोसून जे टिकले आहेत, तेच मासे या टाकीचे पहिले हक्कदार ठरावेत.

या माशांचा शास्त्रीय परिचय जुना आहे. मुंबई सरकारच्या सेवेत असताना दख्खनची सांख्यिकीय पाहणी करणाऱ्या कर्नल विल्यम हेन्री सायक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. मुळा-मुठा आणि भीमेच्या काठी कोळी बांधव जी नावे उच्चारत, तीच त्यांनी लॅटिन द्विनामात बसवली. गारा मुल्या, टॉर खुद्री, हिप्सेलोबार्बस कोलस, सिऱ्हिनस फुलुंगी, सालमोफॅसिया बालूकी या नावांचा उत्तरार्ध मराठी कानाला ओळखीचा वाटतो तो यामुळेच. वाळूत दडणाऱ्या मुऱ्यालाही त्यांनी ‘कोबिटिस मूरेह’ असे नाव दिले. आज त्याची प्रजाती बदलली, ‘मूरेह’ कायम आहे. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांमुळे ही मराठी नावे जगभरच्या ग्रंथांत सुरक्षित राहिली, आणि नदीकाठच्या तरुण पिढीच्या तोंडून मात्र ती जात चालली. मराठी विभागातील सहकाऱ्यांनी या शब्दांकडे अवश्य पाहावे.

या यादीतील सर्वच मासे टाकीचे नव्हेत. खुद्री हा महसीर आहे. तो मीटरभर वाढतो. मुल्या खडकाला चिकटून वाहत्या पाण्यात शेवाळ खरवडतो, स्थिर टाकीत कोमेजतो. लहान टाकीला खरा शोभतो तो पेथिया टिक्टो. चार-पाच सेंटिमीटरचा, चंदेरी, अंगावर दोन काळे ठिपके. विणीच्या काळात नराच्या अंगावर लालसर झाक चढते. तो कळपाने राहतो, म्हणून सहापेक्षा कमी ठेवू नये. एकटा ठेवला तर कोपऱ्यात भेदरून बसतो किंवा दुसऱ्याचे पर कुरतडतो. सोबत दोन मुरे ठेवावेत. ते तळातील उरलेले खाद्य वेचतात. वाळू मात्र बारीक व गोलसर असावी, बांधकामाची खडी नको. सहा टिक्टो व दोन मुरे एवढ्यावर टाकी भरली असे समजावे.

वाइखोमिया सह्याद्रिएन्सिस (पूर्वीचा पुंटियस) हा साताऱ्याकडील वेण्णा नदीतून १९५३ साली वर्णन झालेला मासा दिसायला टिक्टोहून सुंदर, पण तो घाटाच्या थंड ओढ्यांचा. जिरायती गावातील मे महिना त्याला झेपणार नाही. रासबोरा व डेव्हारिओ चपळ व काटक आहेत, परंतु दहा सेंटिमीटरच्या आसपास वाढतात आणि उड्या मारतात. त्यांना तीन फुटांची टाकी हवी. त्यांच्याऐवजी झेब्राफिश, म्हणजे डॅनिओ रेरिओ, उत्तम. साडेतीन-चार सेंटिमीटरचा हा भारतीय मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जातो. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी १९७० च्या दशकापासून केलेल्या कामामुळे तो विकासजीवशास्त्राचा आधार बनला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्यावर संशोधन होते. त्याचे अंडे पारदर्शक असते, आणि फलनानंतर साध्या सूक्ष्मदर्शकाखाली एका दिवसात शरीराची ठेवण उमटताना दिसते. महाविद्यालयाच्या टाकीसाठी याहून अधिक शिकवणारा मासा प्रस्तुत लेखकाला सुचत नाही.

नदीतून मासे आणण्याबाबत संयम हवा. २००३ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात पुणे जिल्ह्यातील माशांच्या जातींत दीर्घ काळात झालेल्या बदलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नद्यांतील स्थानिक जाती घटत चालल्याची चिंता त्यातून समोर आली. टिक्टोसारखे सर्वत्र आढळणारे मासेच, मत्स्यव्यवसाय विभागाचे नियम पाहून, हवे तेवढेच घ्यावेत. उन्हाळ्यात आटत चाललेल्या डबक्यातील थोडे मासे घेण्याने सर्वांत कमी हानी होते. आणलेले मासे दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवावेत, कारण त्यांच्यासोबत जळवा व माशांच्या उवा येतात.

नको झालेले मासे

टाकीत न मावणारा मासा मारवत नाही, म्हणून तो जवळच्या पाण्यात सोडला जातो. त्यामागे भूतदया असते आणि परिणाम मात्र उलटा होतो. भीमेवरील उजनी जलाशयात चिलापीने काय केले ते भिगवणच्या मासळी बाजारात पाहायला मिळते. तेथील कोळी बांधवांची उपजीविका आज मोठ्या प्रमाणात त्या परक्या माशावर आली आहे. चिलापी तलावांत मुद्दाम सोडला गेला होता, तो टाकीतून आलेला नाही. सकर माशाची गोष्ट वेगळी. हा दक्षिण अमेरिकी मासा शोभेच्या व्यापारातूनच भारतात आला, आणि गेल्या काही वर्षांत तो उजनीच्या जाळ्यांतही सापडू लागला आहे. त्याच्या अंगावरील हाडांच्या कडक तकटांनी आणि काट्यांनी जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. गॅम्बुसिया १९२८ साली डासांच्या बंदोबस्तासाठी भारतात आणला गेला. तोही डासांच्या अळ्यांबरोबर स्थानिक माशांची व बेडकांची अंडी-पिले खातो. गप्पीचा स्वभाव काहीसा तसाच असल्याने त्याला आरोग्य विभागाच्या बंदिस्त हौदापलीकडे, कऱ्हेच्या पात्रात वा गावच्या पुष्करिणीत, जागा नाही. कऱ्हा सोनगावजवळ नीरेला मिळते, नीरा नरसिंहपूरला भीमेला. एका ओढ्यात सोडलेली मादी पुरासोबत कुठवर जाईल याला सीमा नाही. नको झालेला मासा दुकानदाराला वा दुसऱ्या टाकीधारकाला परत द्यावा. तेही शक्य नसल्यास लवंग तेलाच्या द्रावणात त्याला वेदनारहित मृत्यू द्यावा. नदीत सोडण्यापेक्षा ते कमी क्रूर आहे.

आरंभ केव्हा करावा

टाकी मांडण्यास जून-जुलै उत्तम. शैक्षणिक वर्षाचा आरंभ तेव्हाच होतो आणि पाणी २६-२८ अंशांवर स्थिर असते. छतावरून उतरणारे पहिले दोन पाऊस वाहू देऊन नंतरचे पाणी उन्हाळ्यासाठी झाकून साठवता येते. वाळू, वॅलिस्नेरिया वा हायड्रिलासारखी वनस्पती आणि फिल्टर चालू करून चिमूटभर खाद्य रोज टाकत राहावे, म्हणजे जीवाणूंना अमोनिया मिळतो. गणेशोत्सवाच्या सुमारास दोन मासे सोडावेत, दसऱ्यापर्यंत उरलेले. पहिला कडक उन्हाळा येतो तेव्हा टाकी नऊ महिन्यांची, मुरलेली असते.

राहता राहिली मे महिन्याची सुटी. महाविद्यालयांतील बहुतेक टाक्या त्याच महिन्यात रिकाम्या होतात आणि त्याचे कारण उपासमार नसते. निरोगी मासा आठवडाभर न खाता राहतो. सुटीत टाकी सांभाळणारे शिपाईमामा दयाळू असतात, त्यांना मासे भुकेले वाटतात आणि डबा उघडाच असतो. ३४ अंशांच्या पाण्यात, सामू ८ असताना, एका दुपारचे जादा खाद्य पुरेसे होते. डबा कपाटात कुलूपबंद करावा. आठ लहान माशांना दोन मिनिटांत संपेल एवढ्या खाद्याच्या पुड्या बांधून, प्रत्येकीवर एक दिवसाआडची तारीख लिहून, तेवढ्याच पुड्या त्यांच्या हाती द्याव्यात.